आत्याला कायदा लागू नाही

आपल्याकडे आजारांचीही उतरंड असते. बायपास झालेला माणूस लग्नकार्यात पहिल्या पंगतीला बसतो आणि टाका कुठून कुठपर्यंत आहे ते शर्टावरून बोट फिरवून दाखवतो. रक्तदाबाची गोळी हा वयाचा दागिना. मधुमेह तर इतका घरचा झाला आहे, की "तुमची शुगर किती?" हा प्रश्न "मुलगा कुठे असतो?" याच्याही आधी येतो. गुडघेदुखी या एका विषयावर दोन अनोळखी बायका शालिमारपासून नाशिकरोडपर्यंत बसमध्ये अखंड बोलू शकतात. मूळव्याधीला मात्र या समाजात स्थान नाही. तिच्या रोग्याला कोणी बसायला सांगत नाही, आणि सांगितले तरी त्याला बसता येत नाही.

प्रस्तुत लेखकाला ऐन वैशाखात हीच व्याधी जडली. डॉक्टर पुढे म्हणाले, कारण मिसळ. लेखकाच्या मते ही एका शहराची बदनामी आहे. रविवारी सकाळी मिसळ न खाणाऱ्या माणसाला नाशिकचे रेशनकार्ड कसे मिळते, हेच त्याला समजत नाही.

दवाखान्यात जायला हरकत नव्हती. पण काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या सोबतीला म्हणून तो एका सर्जनकडे गेला होता. तिथल्या कंपाउंडरने दाराचा पडदा बाजूला सारून खणखणीत आवाजात पुकारले होते, "पाइल्सवाले कोण? पाइल्सवाल्यांनी आत या!" बाकावर सात जण होते. सातही जण त्या क्षणी वर्तमानपत्रातल्या निविदा वाचण्यात गढून गेले. शेवटी कंपाउंडरने एकाला दंडाला धरून उठवले, आणि उरलेल्या सहांनी त्याच्याकडे "अरेरे" अशा नजरेने पाहिले. त्या सहांतले किमान चौघे त्याच वाटेने आत गेले. लेखकाने तेव्हाच ठरवले होते, की वेळ आली तर आपण हे घरबसल्या करायचे. गुपचूप. कानोकान खबर न होऊ देता.

सोय तर झालेलीच आहे. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देश कुलूपबंद झाला त्याच दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. डॉक्टरांनी फोनवर, व्हिडिओवर, अगदी व्हॉट्सअॅपवरूनही सल्ला देण्याला तोपर्यंत स्पष्ट नियम नव्हते, ते आले. डॉक्टरांनी आधी रुग्णाची ओळख पटवायची, रुग्णाला डॉक्टरांचे नाव आणि पात्रता कळली पाहिजे, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा, आणि रुग्णाची गुप्तता प्रत्यक्ष तपासणीत पाळतात तितकीच पाळायची. पडद्यामागच्या कंपाउंडरची आठवण असल्यामुळे हे शेवटचे वाक्य वाचून लेखकाला थोडी धास्ती वाटली, पण तो पुढे गेला.

हिंजवडीला नोकरी करणारे चिरंजीव फोनवरून मार्गदर्शन करत होते. "बाबा, आधी आभा काढा."

"कोण आभा?"

आभा म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा आकडी आरोग्य क्रमांक. आधारचा बारा आकडी क्रमांक लेखकाला अजून पाठ झालेला नाही. त्यावर हे चौदा. क्रमांक आधारवरून निघाला, चार वेळा ओटीपी आला, त्यातले दोन चष्मा शोधेपर्यंत शिळे झाले. मग एका पानावर बारीक अक्षरांत गुप्ततेचे धोरण आले. ते सत्यनारायणाच्या पोथीइतके लांब होते आणि लेखकाने पोथी जशी ऐकतो तसेच ते वाचले, म्हणजे शेवटी प्रसाद कधी मिळतो याकडे लक्ष ठेवून. "मी सहमत आहे" या चौकोनावर टिचकी मारली. कशाला सहमत, ते आजतागायत माहीत नाही.

मग पासवर्ड. एक अक्षर मोठ्या लिपीतले, एक छोट्या लिपीतले, एक आकडा आणि एक चिन्ह पाहिजे म्हणे. इतक्या अटी लेखकाच्या लग्नात वधूपक्षानेही घातल्या नव्हत्या. तयार झालेला पासवर्ड विसरू नये म्हणून त्याने तो ठळक अक्षरांत स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहिला, दुधाच्या खाड्यांशेजारी. त्या भिंतीसमोर रोज दूधवाला, भांडीवाली, गॅसवाला आणि पाण्याच्या टाकीचा प्लंबर उभे असतात.

इथे नाशिकचे एक वैशिष्ट्य सांगायला हवे. गुप्तता हा या गावाचा धंदा आहे. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशाचे पासपोर्ट छापतात. शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. तिथे कामाला असलेल्या माणसाची आत जाताना झडती, बाहेर पडताना झडती. नाशिकरोडच्या कित्येक घरांत दोन-दोन पिढ्या झडत्या देत निवृत्त झाल्या. आणि त्याच प्रेसमधून भंगारात काढलेली यंत्रे तेलगीच्या हाती लागली व त्यातून बनावट मुद्रांकांचा अख्ख्या देशाला पुरून उरलेला घोटाळा उभा राहिला, हेही नाशिककर विसरलेले नाहीत. कुलूप कोणी फोडले नव्हते. रीतसर लिलाव झाला होता.

असो. सल्ल्याची वेळ सकाळी अकराची मिळाली. प्रश्न पडला, बसायचे कुठे? (मूळव्याधीत हा प्रश्न दुहेरी असतो.) बेडरूमपर्यंत वायफाय पोचत नाही. हॉलमध्ये सासूबाईंची मालिका चालू होती, आणि नायिकेचे गुपित फुटायच्या बेतात असल्यामुळे त्या हलायला तयार नव्हत्या. उरली बाल्कनी. इअरफोनचा एक कान गेल्या दिवाळीपासून बंद, दुसरा त्या दिवशी बंद पडला. म्हणून स्पीकर.

डॉक्टर प्रकट झाले. नियमाप्रमाणे त्यांनी नाव, वय आणि पत्ता विचारला. लेखकाने पत्ता मोठ्याने सांगितला. अर्थात ज्या इमारतीला तो ऐकू गेला तिला तो आधीच ठाऊक होता.

"बोला, काय त्रास?"

"खाली त्रास आहे."

"गुडघा?"

"गुडघ्याच्या वर."

"कंबर?"

"कमरेच्या खाली."

"मग मांडी?"

"मांडीच्या वर. मागे. म्हणजे अगदी मध्यावर."

"आवाज तुटतोय तुमचा. जरा मोठ्याने बोला."

लेखकाने देवाचे नाव घेतले आणि आजाराचे नाव ओरडून सांगितले. नेमका त्याच क्षणी खाली हातगाडीवरच्या भाजीवाल्याचा भोंगा बटाट्यावरून कांद्यावर जाताना थांबला होता. पार्किंगमध्ये शांतता पसरली. वॉचमनने वर पाहिले. भाजीवाल्यानेही पाहिले, आणि मग त्याने अत्यंत आपुलकीने हाक दिली, "साहेब, सुरण आहे आज. ताजा आहे!"

"रक्त पडतं का?" डॉक्टर विचारत होते.

"परवापासून नाही म्हणाले!" स्वयंपाकघरातून उत्तर गेले. "पण ऐकत नाहीत हो डॉक्टर, काल परत जाऊन मिसळ खाल्ली. तर्री दोनदा मागून घेतली!"

"या कोण?"

"मंडळी," लेखक म्हणाला.

"मग फोन त्यांच्याकडेच द्या."

पुढचा सगळा सल्ला डॉक्टर आणि बायको यांच्यात झाला. लेखक बाजूला उभा राहून स्वतःबद्दलची माहिती ऐकत होता, आणि त्यातली बरीच त्याला नवीन होती. मलम, इसबगोल, कोमट पाण्याच्या टबात बसणे, मिसळ बंद. "आठ दिवसांत फरक पडला नाही तर प्रत्यक्ष यावं लागेल. ही तपासणी काही कॅमेऱ्यावर होत नाही," एवढे मात्र डॉक्टरांनी लेखकाला उद्देशून सांगितले. तपासणी कॅमेऱ्यावर होत नाही हे ऐकून त्याला सकाळपासून पहिल्यांदाच बरे वाटले.

अर्थात लेखक निदान बाल्कनीत तरी एकटा होता. सुरगाणा-पेठकडे सरकारची ई-संजीवनी सेवा चालते तिथे उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसतात आणि पलीकडे मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर पडद्यावर दिसतात. पदरमोड करून, दिवसाची मजुरी बुडवून नाशिकला यायची खेप वाचते; मोहालीच्या सी-डॅकने बनवलेल्या या सेवेतून देशभरात ३० कोटींच्या वर सल्ले दिले गेले आहेत, आणि ही चेष्टेची बाब नाही. गोपनीयता मात्र खोलीच्या आकारमानावर अवलंबून. रुग्णाबरोबर सासू येते, सासूबरोबर तिची जाऊ, दारात पुढचे दोघे, खिडकीत शाळा सुटलेली पोरे. पडद्यावरचे डॉक्टर "काय होतंय?" असे विचारतात आणि सून बोलायच्या आत तीन जणी उत्तर देतात. त्या सर्व्हरला कोणती का कुलपे असेनात, सासूला पासवर्ड लागत नाही.

इकडे लेखकाच्या मोबाइलवर चिठ्ठीची फाइल आली. फाइल कुलूपबंद. सोबत संदेश: पासवर्ड म्हणजे आपल्या नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल. लेखकाने ती घालून पाहिली. उघडेना. सगळी अक्षरे मोठी, सगळी छोटी, चष्मा लावून, चष्मा काढून. उघडेना. स्वतःच्या मूळव्याधीचे औषध स्वतःलाच कळू नये एवढी कडेकोट व्यवस्था पाहून त्याचा तंत्रज्ञानावरचा विश्वास दुणावला. शेवटी त्याने फाइल आणि पासवर्डचा तो संदेश, दोन्ही चिरंजीवांना पाठवले.

चिरंजीवांना म्हणजे, असे त्याला वाटले. प्रत्यक्षात ते गेले "गोदाकाठ परिवार" या ग्रुपवर. सदस्यसंख्या त्रेसष्ट. दिंडोरी, सिन्नर, पुणे आणि न्यू जर्सी.

चूक लक्षात यायला दहा सेकंद लागले. घाम फुटलेल्या बोटाने त्याने संदेश दाबून धरला. दोन पर्याय आले: सर्वांसाठी काढा, माझ्यासाठी काढा. संकटसमयी मनुष्य स्वतःचा आधी विचार करतो. लेखकाने "माझ्यासाठी" निवडले. फाइल त्याच्या डोळ्यांपुढून नाहीशी झाली आणि त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. आता त्रेसष्टांपैकी बासष्ट जणांकडे ती होती आणि फक्त ज्याची होती त्याच्याकडे नव्हती.

मग उत्तरे येऊ लागली. पहिले उत्तर सिन्नरच्या मेहुण्याचे: "फाइल उघडत नाही." लेखकाला वाटले, वाचलो. पण कुलूप दिसले की ते उघडून पाहणे हा परिवाराचा कुलधर्म आहे. अभियांत्रिकीला असलेल्या भाचीने लिहिले, "मामाचं जन्मसाल कोणाला माहितीये?" त्यावर पंचवटीच्या आत्याचा आवाजी संदेश आला. आत्यांना टाइप करता येत नाही, आणि गरजही नाही.

"अगं, बाळू पुराच्या साली झाला. एकोणसत्तरचा महापूर. दुतोंड्या मारुती अख्खा बुडाला होता, आणि आमची वहिनी बाळंतिणीच्या खोलीत. एकोणसत्तर घालून बघ."

१० सप्टेंबर १९६९ चा गोदावरीचा पूर जुन्या नाशिकमध्ये अजून कालगणनेचे साधन आहे. भाचीने १९६९ घालून पाहिले. उघडेना. लेखकानेही मघाशी तेच घातले होते. तो पुन्हा वाचला. तोवर आत्यांचा दुसरा संदेश:

"थांब थांब. दादाने शाळेत घालताना मास्तरांना एक वर्ष वाढवून सांगितलं होतं. कागदोपत्री तो एक जून अडुसष्ट आहे. अडुसष्ट घाल."

उघडली. एकूण सात मिनिटे. आधारवरचे साल लेखक स्वतः विसरला होता. संगणक-सुरक्षेची मंडळी कानीकपाळी ओरडून सांगतात, की जन्मतारखेचा पासवर्ड ठेवू नका, तो ओळखीच्या माणसाला सहज सापडतो. त्यांच्या डोळ्यांपुढे रशियातला कोणी तरुण असतो. त्यांनी पंचवटीत एक चक्कर मारावी.

पुढचा तासभर ग्रुपवर वैद्यकीय परिषद भरली. ताक घ्या. सुरण खा. ताक घेऊ नका. न्यू जर्सीहून पुतण्या: "काका, फायबर वाढवा." कोणीतरी घाईघाईत "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकून लगेच काढून घेतली, आणि ती मात्र बरोबर "सर्वांसाठी" काढली.

संतापलेल्या लेखकाने रात्री कायदा वाचायला घेतला. कायदा आहे, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. राष्ट्रपतींची संमती ११ ऑगस्ट २०२३ ला मिळाली, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि त्यातल्या मुख्य तरतुदी लागू व्हायला आणखी दीड वर्षाची मुदत. सरकारी गतीने पाहता ही घोडदौडच. माहिती सांभाळताना हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. हा आकडा वाचून लेखकाच्या डोळ्यांपुढे आत्यांचा पंचवटीतला वाडा आला. तो विकला तरी फार तर... त्याने कागदावर हिशेब मांडला आणि चिरंजीवांना फोन लावला.

"या कायद्यात तुम्ही डेटा प्रिन्सिपल आहात बाबा. ज्याची माहिती, तो प्रिन्सिपल."

लेखकाला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी प्रिन्सिपल म्हटले होते. तो खुर्चीत सावरून बसला आणि लगेच उठला.

"मग आत्यावर तक्रार करता येईल?"

"नाही. कलम तीन वाचा. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागूच होत नाही. आत्याआजीचं सगळंच घरगुती आहे. उलट तुम्ही उगीच खोटीनाटी तक्रार केलीत तर तुम्हालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो."

म्हणजे संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मिळून आत्याला मोकळे सोडले होते. कायदा करणाऱ्यांनाही आत्या असणारच. लेखक बराच वेळ कलमाकडे बघत बसला.

"आणि बाबा, तुमच्या मूळव्याधीत हॅकरला काय रस असणार?" असे म्हणून चिरंजीव हसले. पण तिकडच्या गोष्टी त्यांनीच सांगितल्या, आणि त्या ऐकून लेखकाला आपला परिवार बरा वाटू लागला. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो अहवाल, त्यांत एचआयव्हीच्या तपासण्यांचेही, कोणालाही वाचता येतील असे इंटरनेटवर पडलेले सापडले. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद करून टाकली, आणि देशातल्या इतक्या नामांकित रुग्णालयात जवळपास दोन आठवडे नोंदी पुन्हा कागदावर हाताने लिहिल्या जाऊ लागल्या. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका यंत्रमानवाला मोबाइल नंबर दिला की तो लस घेतलेल्या माणसाचे नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि जन्मसाल सांगे. लसनोंदणीचे कोविन पोर्टल पूर्ण सुरक्षित आहे, बातम्यांना आधार नाही, असे सरकारने सांगितले. आणि थोड्याच दिवसांत त्याच प्रकरणात बिहारमधून अटक झाली. आत्यांना सात मिनिटे तरी लागली होती.

पण लेखकाच्या मनात घर केले ते ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन कंपनीच्या अहवालाने. रुग्णालयांचे एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय ज्या सर्व्हरवर साठवतात ते जगभर कुठे कुठे सताड उघडे आहेत, याची पाहणी तिने केली. २०२० च्या फेब्रुवारीत भारताचे आकडे छापून आले. देशात पहिला क्रमांक महाराष्ट्राचा! ३ लाख ८ हजारांवर तपासण्या, जवळजवळ ७ कोटी प्रतिमा, आणि बऱ्याच ठिकाणी चित्राबरोबर रुग्णाचे नाव आणि जन्मतारीखही. कर्नाटक दुसरे. सीमाप्रश्नात नाही, निदान इथे तरी आपण त्यांना मागे टाकले, या विचाराने लेखकाची छाती क्षणभर फुगली. विशेष म्हणजे यात कोणी काही फोडले नव्हते. कडी लावायची राहून गेली होती, एवढेच. रात्री गॅसचे बटण बंद केले का म्हणून तीनदा उठणारी माणसे आपण. सात कोटी एक्स-रे मात्र दाराबाहेर वाळत घातलेले.

दुसऱ्या दिवशी औषध आणायला गेल्यावर लेखकाला कळले की जर्मनीपर्यंत जायची गरज नव्हती. मेडिकलवाल्याच्या काउंटरवरचा संगणक गिऱ्हाइकांकडे तोंड करून ठेवलेला आणि त्यावर व्हॉट्सअॅप उघडे. डावीकडे सगळ्या कॉलनीची नावे, उजवीकडे त्यांच्या चिठ्ठ्या. "काका, तुमचं ते मलम ना? ट्यूब मोठी देऊ की छोटी?" असे त्याने पाचव्या फळीकडे हात नेत विचारले. लेखकाच्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी "मोठीच घ्या, लागते," असा सल्ला दिला.

शेजारी झेरॉक्सचे दुकान. "मेल करा, प्रिंट काढतो" या चार शब्दांवर नाशिकचे निम्मे आरोग्य उभे आहे. त्या दुकानातल्या संगणकाच्या एका फोल्डरमध्ये आधार कार्डे, रक्ताचे अहवाल, सोनोग्राफी, भाडेकरार आणि बारावीच्या गुणपत्रिका सुखाने एकत्र नांदतात. कोणी काही पुसत नाही. आपली प्रिंट निघेपर्यंत माणूस आधीच्याची प्रिंट वाचतो. त्यात वाईट हेतू नसतो, दुसरे करण्यासारखे काही नसते. लेखकाने स्वतः तिथेच चौथ्या मजल्यावरच्यांचा थायरॉइडचा अहवाल वाचला होता आणि घरी येऊन चहाबरोबर सांगितला होता. ही गोष्ट त्याला त्या क्षणी आठवली. त्याने ती लगेच बाजूला सारली.

संध्याकाळी तो आत्यांना जाब विचारायला पंचवटीत गेला. वाट रामकुंडावरून. तिथे एक क्षेत्रोपाध्याय बाहेरगावच्या एका कुटुंबाला पुढ्यात बसवून वही उघडत होते. या वह्या म्हणजे नाशिकचे सर्वांत जुने माहितीकोठार. कोणत्या घराण्यातले कोण, कधी, कोणाच्या अस्थी घेऊन आले, सोबत कोण होते, खाली कोणाची सही, सगळे पिढ्यानपिढ्या लिहिलेले. पण वही अशी उघडत नाही. "गाव कोणतं? आडनाव? आजोबांचं नाव? त्यांचे भाऊ किती?" एकेक उत्तर जुळले तेव्हा गुरुजींनी नेमके पान काढले, आणि लेखक मान लांब करून बघतोय हे दिसताच वही स्वतःकडे तिरकी केली. ना ओटीपी, ना सर्व्हर. लेखकाला त्या वहीत आपली मूळव्याध लिहून ठेवावीशी वाटली.

आत्या ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या.

"ये रे. बसतोस की उभाच राहतोस?"

"आत्या, माझी फाइल तुम्ही सगळ्यांपुढे उघडायला नको होती. ती खाजगी गोष्ट होती."

"खाजगी होती तर ग्रुपवर कशाला टाकलीस?"

"चुकून गेली."

"आणि अण्णांच्या प्रोस्टेटची बातमी? ती कोणी टाकली होती रे मागच्या वर्षी? वर पुन्हा 'सर्वांनी प्रार्थना करावी'. अण्णा चार महिने लग्नाकार्याला गेले नाहीत. आणि तुमच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या बाईंचं थायरॉइड मला कोणी सांगितलं? मी तर त्यांना पाहिलंसुद्धा नाही."

लेखकाने निवडलेल्या भाजीतली एक काडी उचलून पुन्हा निवडली.

"तुझ्यासाठी फोन करून ठेवलेत तीन-चार जणांना," आत्या म्हणाल्या. "आपल्या घाटावरच्या मंडळींत दोघांना होतं. काही लाजू नकोस. ताक पिऊन जा."

आठ दिवस झाले. टबात बसून झाले, इसबगोल संपले, सुरणाची भाजी, सुरणाचे काप आणि एकदा सुरणाची खीरही झाली. फरक पडला नाही. (मधल्या रविवारी काय खाल्ले, हा वैयक्तिक माहितीचा भाग आहे.) शेवटी प्रत्यक्ष जाणे आले. आणि गंगापूर रोडवरच्या ज्या सर्जनचे नाव निघाले ते नेमके पूर्वीचेच, पडद्याआडून पुकारणाऱ्या कंपाउंडरचे.

लेखक टोपी, गॉगल आणि मास्क लावून गेला. पाहतो तर दवाखान्याचा कायापालट झालेला. पडद्याच्या जागी काचेचे दार. भिंतीवर पाटी: रुग्णांची माहिती गोपनीय ठेवली जाईल. कंपाउंडर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी संगणकापुढे एक हळू आवाजाची मुलगी. तिने नाव विचारले नाही, लिहून मागितले. आजार विचारला नाही. एक चिठ्ठी दिली, तिच्यावर फक्त आकडा. "इथे आम्ही नावाने पुकारत नाही सर. टोकननेच."

लेखकाला गहिवरून आले. तो बाकाच्या कडेला जेमतेम टेकला आणि शेजारचे वर्तमानपत्र उघडून निविदा वाचू लागला. हॉलमध्ये दहा-बारा जण. कोणी कोणाकडे बघत नव्हते. भिंतीवरच्या पडद्यावर लाल आकडे बदलत होते, मंद घंटी वाजत होती.

सात आला. लेखकाने चिठ्ठी पाहिली. सातच. पण एकदम उठले तर लोक बघतील म्हणून निविदेची शेवटची तारीख वाचेपर्यंत तो थांबला. घंटी पुन्हा वाजली. मुलगी हळूच म्हणाली, "टोकन सात?"

समोरच्या बाकावरच्या धोतर-टोपीतल्या आजोबांनी मान वर केली. त्यांनी लेखकाला टोपीपासून चपलेपर्यंत नीट न्याहाळले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, तुम्ही पंचवटीच्या आत्यांचे बाळू ना? पुराच्या सालचे? उठा की मग! मूळव्याधीचा नंबर लागलाय तुमचा!"